ग्राहक कोण

सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही.
लोमटे वकील म्हणाले, राहू द्या, पुरावा आहे.
चौदा महिने झाले. उन्हाळ्यात ते पाठीला चिकटतं
आणि उठताना कुणी कागद फाडल्यासारखा आवाज येतो.

तिसऱ्या गिअरला ती दम टाकते.
नेहमी नाही. कधी झरीच्या पुढे,
कधी पेडगावच्या फाट्यावर, भर रस्त्यात.
मागे थर्माकोलच्या डब्यात बेचाळीस नळ्या:
कुणाची साखर, कुणाचं थायरॉइड,
नववा लागलेल्या एका पोरीचं हिमोग्लोबिन,
आणि बर्फ पाणी होत असतो.

शोरूममध्ये नेली की गुणी लेकरू.
दवाखान्याच्या पायरीवर खोकला थांबतो ना, तसं.
अझहर बॉनेटला कान लावून म्हणतो,
"ताई, माझ्यासमोर तर काहीच बोलंना गेली ही."
अकरा जॉबकार्डं. अकरांवर एकच ओळ:
तपासले. दोष आढळला नाही. ग्राहक समाधानी.
शेवटचे दोन शब्द माझ्या सहीच्या वर
आधीच छापलेले असतात.

"समाधानाचं नंतर बघू," लोमटे म्हणाले,
"आधी तुम्ही ग्राहक आहात का, ते ठरू द्या."

मी हसले. चार लाख रोख मोजले, उरलेले बँकेचे,
पोखर्णीला नेऊन नारळ फोडला,
स्वस्तिकाचं कुंकू अजून बॉनेटच्या खाचेत आहे.
मग त्या दिवशी मी कोण होते, पाहुणी?

"तक्रारदार सत्वशीला पौळ!" शिपायानं पुकारलं.
तक्रारदार आहे, हे तरी सगळ्यांना मान्य होतं.

कंपनीचे वकील पुण्याचे. फार मऊ बोलतात.
"गाडीतून रक्ताचे नमुने जातात, म्हणजे धंदा.
नफ्यासाठी घेतलेली वस्तू. बाई ग्राहकच नाहीत."
लोमट्यांनी चष्मा कपाळावर चढवला:
"पोटापुरता स्वयंरोजगार, साहेब.
कायद्यानंच तेवढी फट ठेवलीय."

त्या फटीत मी बसून आहे,
प्लास्टिकवर.

अध्यक्षबाईंनी विचारलं, "कामाला माणसं किती?"
एक पोरगी, पावत्या लिहिते.
"गाडी कोण चालवतं?"
मीच.
"नेहमी?"

इथं मला आठवलं. दिवाळीनंतर तीन आठवडे
मी डेंग्यूनं आडवी होते, तेव्हा आत्याचा दिगंबर
रोज तीनशेवर गाडी मानवतला न्यायचा.
लोमटे टेबलाखाली काहीतरी शोधू लागले.
मी सांगून टाकलं.

पेन थांबलं. मग पुन्हा चालू लागलं.
उलटं वाचायला जमलं नाही मला.

पुढची तारीख सतरा. त्याआधी तंत्रनिकेतनचे
दुधगावकर सर गाडी चालवून बघतील, अहवाल देतील.

बाहेर लिंबाखाली ती तापून उभी होती.
आत बसले, स्टिअरिंगवर कपाळ टेकलं, म्हटलं,
बये, सरांसमोर तेवढी लाज सोड,
तिसऱ्यात अडक, धूर काढ, काय करायचं ते कर.

पण आज नको.
जिंतूरच्या एकोणीस नळ्या राहिल्यात.