बिनकाट्याचं

आधी पाणी उकळायचं. नुसतं.
मीठ नाही, तिरफळ नाही, आमसूल तर नाहीच.
कांदा ज्या भांड्याला शिवला ते भांडंसुद्धा नको,
म्हणून टोपच वेगळा ठेवलाय, एक कान तुटलेला.
शेवंती त्याला ‘जावयाचो टोप’ म्हणते.

बांगडा घ्यायचा तो सकाळचा, डोळा चमकणारा.
कालचा, बर्फात निजून मऊ पडलेला,
आपल्याला तिखल्यात चालून जातो.
सुंगटला नाही.
शिजला की ताटात उपडा करायचा
आणि निवेपर्यंत थांबायचं.
ती उंबऱ्यावर बसते, तांबूस, कानांची टोकं काळी,
शेपटीने खळं झाडत,
एकदा ताटाकडे बघते, एकदा माझ्याकडे.

मग बोटं.
मधला कणा अख्खा निघतो, तो कुणीही काढील.
खरे चोर पोटाशी असतात, केसासारखे.
मोतीबिंदूपासून मला ते दिसत नाहीत.
अंगठ्याच्या मऊ भागाने शोधतो,
काळोखात जाळ्याची सुटलेली गाठ
शोधायचो तसा.

बाबल मेथर पाणंदीतून जाता जाता थांबतो:
“कुत्र्याक काटो काढतंस? पोरांक कधी काढलंस काय?”
नाही काढला. खरं आहे.
पोरांची ताटं शेवंतीने बघितली.
मी समुद्रावर असायचो, नाहीतर झोपलेला.
धाकट्याच्या घशात सौंदाळ्याचा काटा रुतला
तेव्हा तिनेच त्याला भाताची मूठ गिळायला लावली.
मला दुसऱ्या दिवशी कळलं.

कुत्र्याला, भाताची मूठ गीळ, असं सांगता येत नाही.

आधी डोल होता.
रापण ओढून झाली होती, मार्गशीर्षातली सकाळ, वाळू गार,
वाटण्यांवरून नेहमीची भांडाभांडी,
आणि बाजूला टाकलेला एक केंड,
टम्म फुगलेला, पोट पांढरं,
पोरं त्याला पायाने टोलवत होती.
डोल त्याच्याभोवती भुंकत होता.
मी तो उचलला आणि म्हटलं, घे.
मस्करीत. निवतीच्या किनाऱ्यावर जन्म गेला माझा,
केंड मला ठाऊक नव्हता असं नाही.
वाटलं, हुंगेल आणि सोडील.
पण माझ्या हातचं त्याने कधी हुंगलं नव्हतं.
वरच्यावर झेललं.

मागचे पाय गेले, मग पुढचे.
डोळे शेवटपर्यंत चालू होते. रागाचे नव्हते,
तेवढंच सांगतो.

घरी म्हटलं, पान लागलं असणार.
शेवंतीने काही विचारलं नाही.
त्याचं ताट घासलं आणि पालथं ठेवलं,
सात वर्षं.

सुंगटला धाकट्याने आणली, बोटीवर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी,
आणि जाताना तिच्याच कानात काय ते सांगून गेला.
वेंगुर्ल्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं:
शिजवलेलं. बिनकाट्याचं. थोडं, आठवड्यातून दोनदा.
खारवलेलं नको. तळलेलं नको.
शिंगाळ्याचं डोकं उघड्यावर टाकू नका, काटा जबड्यात अडकतो.
केंड त्यांनी लिहिला नव्हता.
रात्री मी खाली पेन्सिलीने लिहिला,
दोनदा, कारण पहिल्यांदा अक्षर हललं.

कागद कपाटात होता.
परवा बघतो तर फ्रिजच्या दारावर चिकटवलेला,
चारी कोपऱ्यांना भाताची शितं लावून.

काल मुडदुशी मिळाली. आजाऱ्याला देतात तो मासा.
मी काटे काढले, ताट सरकवणार,
तर शेवंती समोर येऊन बसली.
तिने बोटं फिरवली, सावकाश,
तांदूळ निवडावेत तशी.
एक काटा तिला सापडला.
तिने तो माझ्या ताटाच्या कडेला ठेवला,
माझ्याकडे न बघता,
आणि म्हणाली,
“आता घाल तिका.”