सहा फूट मागे

यंत्र म्हणालं, सहा फूट मागे सरका.
सरकले.
कपाटाचा कोपरा पाठीत रुतला.
अजून मागे, म्हणालं,
तेव्हा टीपॉय पलंगावर चढवला,
त्यावर इस्त्रीचे कपडे, त्यावर रद्दी,
आणि टाचा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला लावून उभी राहिले.
मग हिरवं वर्तुळ आलं : आता दिसताय.

कन्नमवारनगरातल्या दहा बाय बाराच्या खोलीत
आजवर इतक्या लांबून
मला कुणी बघितलं नव्हतं.

केयूर पुण्याला नोकरीला गेला,
जाताना हे खोकं ठेवून गेला. मावशी, तुझ्या शुगरसाठी.
नाव कसं बदलायचं ते सांगायचं विसरला.
त्यामुळे पडद्यावर मी केयूरच,
ताठ केसांचा, निळ्या बुटांचा.
चेंडू रेषेत पडला की यंत्र ओरडतं, शाब्बास केयूर!
आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी
मी उगाच लाजते.

टेनिस दोन दिवसांत बंद केलं.
तिसऱ्या सर्व्हिसला पंख्याचं पातं लागलं,
मधलं बोट अजून काळंनिळं आहे.
बर्फावरून घसरायचं मात्र जमतं.
बर्फ मी पाहिलाय तो मासेवालीच्या पाटीतला,
तरी झाडं चुकवते.

उड्यांचं अवघड. खाली घाग.
सुलक्षणा घाग, घाटकोपरच्या नर्सिंग होमात रात्रपाळी.
पहिल्या उडीला तिनं झाडूच्या दांड्यानं
खालून छत ठोकलं, तीनदा.
दुसऱ्या दिवशी जिन्यात ठरलं :
ती चारला उठते, पाणी सहाला येतं,
मधले दोन तास माझे.

खो-खो शोधला मी ह्यात. नाही.
असणार कसा?
हे समोरून बघतं,
हात, खांदे, गुडघे सगळं मोजतं,
पाठ त्याला कळत नाही.
आमचा तर अख्खा खेळ पाठीवर.
भांडुपच्या शाळेचं मैदान,
आठजणी ओळीत, एकीचं तोंड इकडे, एकीचं तिकडे,
उकिडव्या, बोटं मातीत.
मागून धाप जवळ येते,
वाटतं आता, आता,
आणि हात पडतो
एक सोडून पुढच्या पाठीवर.
मी पाचव्या चौकोनात बसायचे.
आंतरशालेय फायनलला अख्ख्या डावात
मला एकही खो मिळाला नाही.
जिंकलो. फोटोत मी आहे.

मागच्या गुरुवारी घाग वर आली,
गाऊनवर ओढणी, कपाळावर आठ्या.
चप्पल दारात काढून दोन पावलं आत,
आणि यंत्रानं तिला धरलं :
दुसरा खेळाडू सापडला.
केयूरशेजारी एक मिशीवाला बुटका उगवला.
तिनं हात हलवला, मिशीवाल्यानं हलवला.
मेल्या, म्हणाली.
मग पेशंटची कूस बदलावी तसे
दोन्ही हात खाली घालून
तिनं चेंडू ढकलला.
दहाच्या दहा पडले.
परत ढकलला.
मी सलग चार डाव हरले
आणि तिच्यासाठी कोकमाचं सरबत केलं.
साडेपाचला तिला आठवलं,
अहो, तुमच्या मोरीचं माझ्याकडे गळतंय,
ते सांगायला आलेले.

निघाली.
मी दाराशीच उकिडवी बसून
वायर गुंडाळत होते.
चप्पल घालताना तोल सावरायला
तिनं माझ्या पाठीवर हात टेकला.

मी उठलेच.
वायर हातात, गुडघ्यात कळ,
तिची एक चप्पल पायात, एक जिन्यात.
अहो, काय झालं?

नळ खोकायला लागला होता.
कुठल्या बाजूला धावायचं,
मला आठवेना.