गरम हवा कुठून जाते

हर्णैच्या बर्फ कारखान्यात अकरा वर्षं
मी यंत्राच्या पोटाला हात लावून ताप बघतो.
म्हणून चिपळूणच्या दुकानात
पोरानं रंगीत दिव्यांचा कीबोर्ड पेटवून दाखवला, तेव्हा
मी लॅपटॉप उलटा केला.
"साहेब, पुढून बघा की."
पुढून सगळेच चांगले दिसतात.
जाळी किती रुंद, पंखे दोन की एक,
तांब्याच्या नळ्या कुठवर गेल्यात, विचारलं.
त्याला नळ्या ठाऊक नव्हत्या. हप्ते ठाऊक होते.

घरचा डेस्कटॉप मीच जोडलेला,
एकेका पगाराला एकेक भाग.
प्रोसेसर पनवेलहून एसटीच्या पार्सलात आला,
पॉवर सप्लाय दोनदा जळला,
खाऱ्या वाऱ्यानं कॅबिनेट असं खाल्लं
की बाजूचं झाकण आता काथ्यानं बांधलंय.
होडीची फळी बदलावी तसा बदलत गेलो.
पहिल्या दिवसाचं म्हणावं असं त्यात
चालू करायचं बटण तेवढं उरलंय.
तरी घरात त्याला जुनाच म्हणतात.

मग लॅपटॉप कशाला?
बंदी उठली की माझ्या रात्री कारखान्यात.
ट्रॉलर पहाटे तीनला बर्फ मागतात,
आणि मुश्ताक परकार कुवेतमध्ये
ड्युटीवरून सुटून खेळायला बसतो
तेव्हा इथं साडेबारा.
आम्हा दोघांना मिळून एक किल्ला राखायचा असतो.
गेल्या सीझनला मी मोबाइलवर नुसता बघायला.
तो एकटा मेला, सतरा वेळा.
म्हणाला, तुझी बाजू उघडी होती रे.

बर्फाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानापासून:

ग्राफिक्स कार्ड. नाव तेच,
एकाला साठ वॅट पाजतात, दुसऱ्याला एकशे पंधरा.
दुकानदार नावच सांगतो.
मासळीचं नाव विचारून कोण घेतं?
कल्ला उघडून बघायचा.

स्क्रीन. एका सेकंदात एकशे पासष्ट चित्रं.
माझे डोळे ट्यूबलाइटखाली पिकलेत,
पण मुश्ताक म्हणतो घे, फरक पडतो.
बरं. घेतो.

बॅटरी. खोडलं.
वीज गेली की आधी कंप्रेसर, मग किल्ला.

रॅम सोळा. इथं पेन थांबलं.
बाकी सगळं बोर्डावर डाख देऊन बसवलेलं,
प्रोसेसर, कार्ड, सगळं,
जे आज घेशील तेच शेवटपर्यंत.
दोन रात्री झोप नाही.
"ह्याच्यात फळी बदलायची नाही?" निलाक्षीनं विचारलं.
म्हटलं, एकच खाच रिकामी मिळते, तीही शोधली तर.
"मग ती मिळेल तोच घे," म्हणाली आणि कूस बदलली.

परत चिपळूण.
वीस मिनिटं गेम चालू ठेवायला लावला,
जाळीला कान लावला, मग तळवा.
गरमी मरत नाही,
इथून उचलून तिथं नेऊन टाकायची असते,
हे मी पावसे शेठना कंडेन्सरखाली उभा राहून
किती वर्षं सांगतोय.
पहिल्याचा वारा नेमका माऊसच्या हातावर.
दुसऱ्याचा मागून, भिंतीकडे.
दुसरा अडीच किलोच्या वर. पोरगा म्हणाला, जड आहे हं.
मी हसलो. त्याला बर्फाची लादी कुणी सांगावी.

घरी आलो, हार्ड डिस्क काढायला
काथ्या सोडला, झाकण सरकवलं.
पॉवर सप्लायच्या कडेला, जिथं नेहमी ऊब असायची,
पालीची दोन अंडी. पांढरी, शेंगदाण्याएवढी.
टॉर्च धरून निलाक्षी बराच वेळ बघत राहिली.
"रात्रीचा थोडा चालू ठेवायचा काय ह्याला?"
हसत नव्हती.

झाकण लावलं. काथ्या बांधला.
बंदी उठायला नऊ दिवस आहेत.