पाण्याची रेघ

शोकसभेसाठी विद्यापीठाने यादी मागितली आहे:
विधी महाविद्यालयाच्या डीन, एकोणीस वर्षं;
दोन मानद पदव्या, नवी इमारत, तीन शिष्यवृत्त्या.
मी टाइप केली. सवयच आहे.
तिची सगळी पत्रं याच बोटांतून गेली,
खाली ‘आपली नम्र, सॉल्व्हेग टँगेन’.
नम्र ती नव्हती. तेवढं सोडलं
तर खोटं काही लिहिलं नाही तिनं.

यादीत तळघर नाही.

डाकोटातली आमची नदी उत्तरेला वाहते.
उगमाकडचं बर्फ आधी सुटतं, पुढचं अजून घट्ट;
पाणी येतं आणि त्याला दार बंद सापडतं.
मग ते बीटाच्या शेतांवरून गावात शिरतं,
पायऱ्या उतरतं.
त्या रात्री तळघरात
सिनेटरने दिलेले बाराशे ग्रंथ होते, कातडी बांधणीचे,
आणि मोफत सल्ला केंद्राच्या फायली,
बुटांच्या खोक्यांत.

दिवे गेलेले. जिनाभर मुलांची रांग.
अर्विड शिपायाने पहिला ग्रंथ उचलला.
‘ठेव तो खाली,’ ती म्हणाली,
गुडघाभर पाण्यात, नवऱ्याचे गमबूट घालून.
‘ते दुसरीकडेही छापलेत.
हेल्गा मोएनचं घर फक्त या खोक्यात आहे.’

हातोहात वर आल्या
घर खाली करण्याच्या नोटिसा,
साखर कारखान्यात बोटं गेलेल्याचा अर्ज,
कुणाच्या लेकीचा ताबा.
वर मी मोजत होते.
पहाटेपर्यंत सिनेटरचे निवाडे फुगले
दुधात पाव फुगावा तसे.

त्याच्या मुलाचं पत्र आलं, चार पानी.
उत्तर दीड ओळीचं:
‘पुस्तकं बुडाली. खटले चालू आहेत.’
नवी इमारत अकरा वर्षं लांबली, ती या दीड ओळीमुळे.

भिंतीवर तपकिरी रेघ राहिली, माझ्या छातीइतकी.
रंगारी आला, तिने परत पाठवला.
पहिल्या वर्षाचा पहिला तास ती तिथेच घेई,
कोट घालून, उभ्यानेच.
‘कायदा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ
की पाण्यावरची?’
मुलं हुशार, तावातावाने भांडत.
ती भिंतीवर बोट ठेवी.
‘ही पाण्याने काढलेली,’ म्हणे,
आणि हजेरी घेई.

मुलांना तिने एक सांगितलं नाही.
रजिस्टरमध्ये खोकी होती दोनशे सत्तेचाळीस.
मी मोजली दोनशे सेहेचाळीस.
राहिलं ते डेल रूकरचं,
गोठ्याचा करारनामा, सहीची एकच प्रत.
चिखल तुडवत ती स्वतः गेली त्याच्याकडे.
त्याने तिला आत घेतलं नाही.
खटला तो हरला.

दर एप्रिलमध्ये त्याला एक पत्र,
हे मात्र ती हाताने लिही.
मी फक्त तिकीट लावायचे.
उत्तर कधी आलं नाही.

आज यादीच्या तळाशी मी एक आकडा टाइप केला आहे,
पुढेमागे काहीच न लिहिता: २४७.
नवे डीन म्हणतील, चुकून पडला.
पडू दे.