पाच मिनिटं पुढे

जुलैत कॅपलिन मासळी लाटेबरोबर वाळूवर येऊन पडते,
अख्खं सेंट जॉन्स बादल्या घेऊन धावतं,
आणि त्याच आठवड्यात आमच्या वॉर्डात
नवे रेसिडेंट.
अठ्ठावीस वर्षं पाहतेय मी.
कोटाच्या घड्या मोडलेल्या नसतात, खिशात सहा पेनं.
ऑगस्टअखेर एकच उरतं, तेही माझं.

तू फोगो बेटावरून आलीस, डॉक्टर नोजवर्दी.
पहिल्याच रात्री विचारलंस,
"फिलोमीना, मी इथं नक्की कोण?"
विद्यार्थिनी म्हणावं, तर तुझ्या सहीनं औषध सुरू होतं.
डॉक्टर म्हणावं, तर तुझ्या सहीखाली सही करणारा
टेकडीपलीकडे झोपलाय, फोन उशाशी ठेवून.
मी म्हटलं, तू बिजागरी.
कुरकुरलीस तरी चालेल,
निखळू नकोस.

ऑक्टोबरात बारा नंबरला पोटॅशियम लिहिलंस,
एक शून्य जास्त.
मी कागद तुझ्यासमोर धरला, बोलले काहीच नाही.
तुझ्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.
दुसरा कुणी खोडून मोकळा झाला असता.
तू पहाटे तीनला कन्सल्टंटला उठवलंस
आणि न घडलेली चूकही सांगितलीस.
डॉक्टर अशी हाक मी सगळ्यांनाच मारते;
त्या पहाटे पहिल्यांदा अर्थासकट मारली.

मिसेस क्विर्कची कवळी चादरींबरोबर धुलाईला गेली,
तर तळघरात जाऊन तू गाठोडी सोडत बसलीस.
हे कुठल्या नियमावलीत आहे?
नाही. पण कवळीशिवाय म्हातारी जेवत नव्हती,
आणि जेवण तर तूच लिहून दिलं होतंस.

मग फेब्रुवारी. बर्फ आडवा.
सेल्बी पार्डी, खेकड्यांच्या बोटीवर गेलेला जन्म,
फुप्फुसात पाणी, हातांवर दोरांचे वळ.
संध्याकाळी तुला विचारलं होतं त्यानं,
"तू कुणाची गं?"
तू आजोबांचं नाव सांगितलंस.
"हां, निळ्या बोटीचा आर्किलॉस. शिवी तोंडात, पण मनानं साफ,"
म्हणाला, आणि मास्क पुन्हा लावून घेतला.

पहाटे मी बोलावलं तेव्हा तू खाली इमर्जन्सीत होतीस.
धापा टाकत आलीस. आधी धाप थांबू दिलीस,
मग स्टेथोस्कोप ठेवलास.
पूर्ण मिनिटभर ऐकलंस,
जिथं ऐकायला काही नव्हतं तिथं.

भिंतीवर चार सोळा. तुझ्या मनगटावर चार अकरा.
ते घड्याळ मीच पुढे ठेवते, पाळी वेळेवर सुटावी म्हणून;
हे बेट तसंही शेजाऱ्यांपेक्षा अर्धा तास पुढे.
"कुठली लिहू?"
तो तर दोन्हींच्या आधीच आटोपला होता, पोरी.
आपण लिहितो ती त्याची वेळ नसते,
कुणीतरी जबाबदारीनं "हो" म्हटल्याची असते.
तू चार अकरा लिहिलंस.

बायको बोनाविस्टात, रस्ता बंद.
फोनवर तू "गेले" म्हणाली नाहीस.
गेले म्हटलं की माणूस विचारतो, कुठे?
"मरण पावले," म्हणालीस,
आणि मग फोन कानाशी तसाच धरून बसलीस.
पलीकडे ती रडली, मग केटल शिट्टी घालत राहिली,
मग तिनं विचारलं, त्याचे बूट कुठं आहेत.
तू उठून पाहून आलीस. पलंगाखाली.
सांगितलंस.

सातला सुपूर्दगी. अठरातले सतरा वाचलेस.
सहाव्या खाटेशी क्षणभर अडखळलीस,
नव्या डॉक्टरला वाटलं, झोप येतेय.

निघताना पेन पुढे केलंस.
माझंच होतं, दाखल्यावरची सही त्यानंच केलेली.
आजवर कुणी परत दिलं नव्हतं.
मी म्हटलं, ठेव.
अजून अडीच वर्षं आहेत.