पाहुण्यांची चाल

आमच्या बँडाला दोनच चाली येत.
एक झेंड्याची. ती सामन्यात चालत नाही,
लोक उठून उभे राहतात.
म्हणून दुसरी, पाहुण्यांची,
शिक्षणाधिकारी जीपमधून उतरतात तेव्हाची.
वरूडच्या मैदानावर, जानेवारीच्या गारठ्यात,
आमच्या मुलींनी गुण घेतला की आम्ही तीच वाजवायचो
आणि पलीकडून कोणीतरी ओरडायचं,
"आले वाटते साहेब!"

ओला खडू चोळून पांढरे केलेले बूट.
गॅदरिंगच्या जुन्या पडद्यातून निघालेले लाल पट्टे.
बिगुल एकच, गळ्याशी एम-सीलचा गोळा.
झांजा इंदल धुर्वेकडे,
आणि माझ्याकडे ट्रँगल.
तो वाजला की नाही वाजला
हे मला कळायचं, आणि फार तर भोयर सरांना.

मोठा ड्रम कौतिका नेवारेचा.
रहेमतभाईंनी त्याला नवं कातडं चढवून दिलेलं,
पैसे न घेता, एका बोलीवर:
पोरीच्याच हाती द्यायचा, पोट्टे फोडतात.
कौतिका तो पोटावर बांधायची
तेव्हा समोरून नुसते डोळे दिसत, आणि खाली पाय.

समोरच्या शाळेचा बँड बसनं आलेला.
डोक्यावर तुरे, हातात पितळ,
आणि पांढरे हातमोजे.
हातमोजे घालून कोणी वाजवतं
हे आम्ही तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.
इंदलनं आपले हात पाहिले आणि खिशात घातले.

दुसऱ्या डावात वैजंतीचा घोटा मुरगळला.
बदलीची चंदा कांजण्या घेऊन घरी.
सर आमच्याकडे वळले.
"नेवारे, ड्रम उतरव. रिंगणात जाय."
"सर, मले खेळता नाही येत."
"दम हाय ना तुले? बस झालं."

तिनं ड्रम चुन्याच्या रेषेशी टेकवला,
त्याच्यावर एक हात ठेवला,
म्हशीला सांगावं तसं काही पुटपुटली,
आणि गेली.

शेवटची तीन मिनिटं. कौतिका चढाईला.
तिकडून पितळ सुरू झालं, मुद्दाम,
तिचा शब्द बुडावा म्हणून.
पंच कानामागे हात धरून वाकले.
ओठ हलताना दिसत होते, ऐकू काही येईना.

मी ट्रँगल गवतात टाकला.
ड्रमची काठी उचलली.
माझ्या हाताला ती जड होती,
पहिला ठोका तर चुकलाच.
मग धम्म.
मग धम्म.
रोज परिपाठाला मी तिच्या शेजारी उभी असायचे,
तिचा ठेका माझ्या टाचांना पाठ होता.
तिनं मान वळवली नाही.
पण कबड्डी, कबड्डी, तो शब्द
ठोक्याला धरून उभा राहिला,
बैलगाडीच्या मागं दोरी धरून पोरं चालतात तसा.
एकीला शिवली. दुसरीनं पाय धरला.
ती घसटत, कोपरं सोलत आली
आणि बोटाचं पेर रेषेवर टेकलं.
पंचांनी दोन बोटं वर केली.

आम्ही काय करणार,
पाहुण्यांची चाल वाजवली.
समोरचे हसलेच. हसू देत.

चौतीस-एकोणतीस. हरलो.
कोणी विचारलं तर मी अजून सांगते, पाचांनी,
कमी करून सांगत नाही.

परतताना ट्रॉलीत अंधार,
दोन्हीकडे संत्र्याचे बगीचे,
कोणीतरी साल सोलत होतं ते वासावरून कळत होतं.
माझा ट्रँगल वरूडलाच राहिला.
सरांच्या ध्यानात यायला सव्वीस जानेवारी उजाडली.
कौतिका ड्रमवर गाल ठेवून झोपलेली,
कोपरांना हळद.
ट्रॅक्टर खड्ड्यात गेला की ड्रम तिच्या कानाखाली
आपोआप घुमायचा.
पुढून सर ओरडले, "अबे, कोण वाजवून रायलं?"
बराच वेळ कोणी बोललं नाही.
मग इंदल म्हणाला,
"रस्ता, सर."