पहिली सही कुणाची

पावणेतीन. मेल वॉर्डात बत्तीस खाटा, आणि मी.
अकरा नंबरची ड्रिप पाचपर्यंत चालेल.
सव्वीसच्या आजोबांनी पुन्हा सुई उपटली,
म्हणाले, जाळी भायर भिजतत.
मी म्हटलं, काढते आत. मग त्यांनी हात पुढे केला.

हे लिहितेय टीपीआर चार्टच्या पाठीवर.
पुढची बाजू तापाची, ती हॉस्पिटलच्या मालकीची.
पाठ कुणाची, हे करारात लिहिलेलं नाही.
करारच नाही म्हणा अजून.

आमची मूळ सर्टिफिकिटं सचिवांच्या लोखंडी कपाटात,
खालून दुसऱ्या कप्प्यात.
हिल्डा लोबोने पाहिली एकदा.
म्हणाली, माझ्या फोटोला बुरशी आलीय गं, उजव्या गालावर.
बावीस वर्षांची हिल्डा तिथे आत बसलीय,
बाहेरची एकेचाळीसची झाली.

थर्मामीटर फुटला, एकशे ऐंशी कापले.
शिफ्ट आठला सुटते, आरोंद्याची शेवटची एसटी साडेसातला.
रेहमत सोलकरचं सातव्या महिन्यात, डबल ड्युटीत, पाणी गेलं.
लेबर रूम वीस पावलांवर.
बिल पूर्ण लावलं. म्हणाले, सवलत स्टाफला असते,
तुम्ही व्हाउचरवर आहात.

मागणीपत्र वैदेहीच्या पडवीत लिहिलं, कॅम्पात,
ओले काजू सोलता सोलता.
पहिल्या कागदावर चीक लागला, दुसरा घेतला.
सोळा मुद्दे.
सतरावा रात्रीच्या खुर्चीचा, पाठ असलेल्या.
प्रणिता म्हणाली, खुर्ची नको, हसतील.
लिहिली.

मग सही. पेन मधोमध, आणि कुणी हलेना.
ज्याचं नाव वर, त्याला आधी उचलणार,
हे काय कुणी सांगायला हवं?
मेस्त्रीबाई ओटीत तेवीस वर्षं. त्या उठल्या,
पिशवीतून किडनी ट्रे काढला (हॉस्पिटलचाच),
कागदावर पालथा घातला, पेन्सिल फिरवली.
म्हणाल्या, ह्येच्या भोवतीन लिवा.
एकोणचाळीस नावं, आडवी, तिरकी, डोक्यावर उभी,
वाचायची तर कागद फिरवत राहायचा.
सचिवांनी फिरवला. पुन्हा फिरवला.
सुरुवात कुठून आहे?
कुणालाच ठाऊक नव्हतं.
मला आहे. सांगणार नाही.

नंतर वाटाघाटी. चार बैठका.
त्यांचे वकील सावंतवाडीहून,
आमच्या बाजूला मेस्त्रीबाई, पर्स मांडीवर घट्ट धरून.
वकील म्हणाले, ही सेवा आहे, सेवेला दर नसतो.
बाई म्हणाल्या, माझो बापूस रापणीक जायचो.
दोरयेक हात लायलो, त्येका वाटो. बारकी पोरां धरून.
रिकामी रापण इली तरी हिशोब वाळूत बसान व्हयचो,
सगळ्यांच्या समोर.
वकिलांनी लिहून घेतलं.
कुठल्या कलमाखाली, वेतोबाला ठाऊक.

आतापर्यंत बारा मान्य.
सर्टिफिकिटं परत आली, डांबरगोळ्यांचा वास मारत.
हिल्डाने फोटो पुसला, बुरशीबरोबर गालही निघाला.
बाळंतपणाची रजा मिळाली. रेहमतची मुलगी
आता पायरी चढते, तिच्या उपयोगाची नाही.
रात्री वॉर्डात दोघी, हे अडलंय.
खुर्चीही अडलीय. दोन हजारांची खुर्ची,
पण तिच्यावरच त्यांचा जास्त राग.

बंदरावरच्या दिव्याचा झोत खिडकीतून येतो,
भिंतीवरून सरकतो, जातो.
स्टुलावर मी. बरा आहे तसा, फक्त डुलकी लागली की पडायला होतं,
म्हणूनच ठेवला असेल.

सातला प्रणिता येईल. तिला सांगायचं:
अकराची बाटली बदलली.
चौदा उपाशी, सोनोग्राफी आहे.
सव्वीसचा हात बांधू नका कुणी,
नुसतं जाळ्यांचं विचारा.
नऊ आणि सतरा अडलेले, बाकी तीन वकिलांकडे.
बैठक आज अकराला, मी इथूनच जाते.
डबा दोघींचा आण.